काडतुसाच्या पितळेवरील भेगा : एक साधनचिकित्सा

शस्त्रास्त्रांच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष गेले ते प्रामुख्याने तरवारी, कट्यारी आणि किल्ल्यांवरील तोफा यांच्या वर्णनाच्या अंगाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायदळाच्या हाती आलेली मागून भरावयाची रायफल आणि तिचे धातूचे काडतूस यांचा परामर्श लष्करी इतिहासांत एखाद्या ओळीत घेतला जातो व विषय पुढे सरकतो. गोळी सुटल्यावर मागे उरणारे रिकामे काडतूस तर मोडीत घालावयाची वस्तू म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः ज्या कारखान्यात ते घडले त्या कारखान्याची आणि ज्या बंदुकीत ते उडाले त्या बंदुकीची, अशा दोहोंची खूण त्याच्या अंगावर राहते. खेरीज या दोन घटनांच्या दरम्यान ते कोठे व कसे साठविले गेले, याचीही साक्ष ते पुष्कळदा देते. या तीन साक्षी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या निवडून वेगळ्या कशा करावयाच्या, आणि तशा न केल्यामुळे इतिहासलेखनात कोणते घोटाळे झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विचार दक्षिण कोकणाच्या संदर्भात करण्यास दोन कारणे आहेत. मालवण-कसाल रस्त्यावरील कट्टा हे गाव व त्याचा परिसर घेतला, तर हा सारा जांभ्या दगडाचा मुलूख. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पावसाळा सरल्यावरही समुद्राकडून येणारी दमट, खारट हवा धातूला स्वस्थ बसू देत नाही. दुसरे कारण मनुष्यबळाचे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, आणि हा जिल्हा मुंबई लष्कराच्या भरतीचा एक मुख्य आधार होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० साली प्रसिद्ध झाला, त्यातही या गोष्टीची दखल घेतलेली आहे. म्हणजे ज्यांच्या खांद्यावर या बंदुका होत्या त्यांतील पुष्कळ माणसे या मुलखातली, आणि ज्या हवेने या काडतुसांची परीक्षा घेतली ती हवाही याच जातीची.

धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक हकीकत वारंवार येते. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात, कोणी हात लावला नसता, पेटीतल्या पेटीत उभी तडकलेली आढळत. दारूगोळा तबेल्यांत किंवा त्यांच्या लगत साठविलेला असे. ऋतू पालटला की भेगा दिसत, म्हणून या विकाराला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतुभेग, असे नाव पडले. वाळवण नीट न झालेल्या लाकडाला ज्या भेगा पडतात त्यांच्याशी असलेल्या साम्यावरून हे नाव आले, अशी दुसरीही एक व्युत्पत्ती दिली जाते. नाव कसेही पडले असो, त्याचा परिणाम एकच झाला. दोष हवेवर गेला. हिंदुस्थानचा पावसाळा पितळेला मानवत नाही, एवढे म्हटले की चौकशी संपत असे. प्लेग, हिवताप, कारकुनाचा आळस आणि शिपायाची बेशिस्त या सर्वांचे मूळ ज्या काळात येथील हवेत शोधले जाई, त्या काळात पितळेलाच अपवाद कसा करावा?

या हकीकतीची ऐतिहासिक छाननी करावयाची तर प्रथम काडतुसाची घडण पाहिली पाहिजे. पाठ्यपुस्तके ‘एकोणिसाव्या शतकात’ एवढेच म्हणतात. परंतु त्या शतकातील सर्व काडतुसे एका जातीची नव्हती, आणि ज्या विकाराविषयी आपण बोलतो आहोत तो सर्व जातींना सारखा होणारा नव्हे.

धातूच्या काडतुसाचे खरे काम दारू धरून ठेवणे हे नव्हे. ते काम कागदही करीत असे, आणि १८५७ मध्ये ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला ती एनफील्डची काडतुसे कागदाचीच होती. धातूचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या घरात, बसते. दारू पेटताच वायूच्या दाबाने त्याची भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते व मागे येऊ पाहणारा वायू अडविते. दाब ओसरला की भिंत किंचित आखडते आणि रिकामे काडतूस ओढून काढता येते. फुगणे आणि आखडणे या दोहोंवर सर्व काही अवलंबून आहे. फार मऊ धातू फुगतो पण आखडत नाही, तो चेंबरमध्ये रुतून बसतो. फार कडक धातू फुगताना फाटतो. सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असे पितळ या कामाला योग्य ठरले, कारण थंड स्थितीत घडवून त्याचा कडकपणा हवा तेथे हवा तितका ठेवता येतो. बुडाशी ते कडक ठेवतात, तोंडाशी मऊ.

इंग्लंडने १८६६-६७ मध्ये स्वीकारलेल्या स्नायडर रायफलीचे .५७७ इंची, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर व्यासाचे काडतूस मात्र असे नव्हते. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी ते योजिले. त्याची भिंत पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनविलेली, आणि बूड लोखंडी चकतीचे. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे .४५० इंची काडतूसही प्रथम याच पद्धतीचे होते. ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेन वजनाची गोळी असा त्याचा ऐवज. शिवाय लांबी आटोक्यात ठेवण्यासाठी त्याला बाटलीसारखी मान दिलेली. गुंडाळी केलेला पत्रा फुगताना उलगडतो ही त्यातील सोय होती, आणि तेच त्याचे वैगुण्यही होते. ओढून घडविल्यामुळे धातूत कोंडून राहणारा जो ताण ऋतुभेगेच्या मुळाशी असतो (त्याविषयी पुढे सविस्तर येईल), तो सैलसर गुंडाळलेल्या पातळ पत्र्यात त्या प्रमाणात असावयाचे कारण नाही. तेव्हा तबेल्यात तडकलेल्या काडतुसांची हकीकत स्नायडरच्या किंवा पहिल्या मार्टिनीच्या काळात नेऊन बसविणे उचित दिसत नाही. एकसंध ओढीव पितळी काडतूस पायदळात सार्वत्रिक झाल्यानंतरच्या, म्हणजे स्थूलमानाने १८८५ नंतरच्या दशकांत ती बसते. पाठ्यपुस्तकांनी हा काळाचा विवेक केलेला नाही.

बॉक्सर काडतुसाचा विकार निराळाच होता, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागली. सुदानात १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लिया येथे ब्रिटिश चौकोनावर हल्ला झाला, तेव्हा अनेक मार्टिनी रायफली ऐन वेळी अडल्या. लागोपाठ बार काढल्याने तापलेली नळी, काळ्या दारूची चेंबरमध्ये साचलेली काजळी, त्यात वाळवंटातील वाळू, आणि या सर्वांत अडकलेली पत्र्याची गुंडाळी. काडतूस मागे ओढणारा एक्स्ट्रॅक्टर लोखंडी बुडाला हिसका देई; बूड निखळून हाती येई, नळकांडे आत राही. अशा अडलेल्या रायफलीचा उपयोग संगीन लावण्यापुरता. या प्रसंगी वाळूला, बंदुकीला, सैनिकाला आणि काडतुसाला, असा चौघांनाही दोष दिला गेला. उपाय मात्र कोठे झाला ते पाहावे. एकसंध ओढीव काडतूस आले, आणि मार्टिनीच्या पुढील नमुन्यात ओढण्याला जोर मिळावा म्हणून खालचा दांडा लांब करण्यात आला. उपाय कशावर झाला यावरून निदान काय होते ते कळते. अहवालात काय लिहिले त्यावरून तितके कळतेच असे नाही.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे ब्रिगेडियर-जनरल बरोज यांच्या फौजेचा अयुबखानाने पराभव केला. साडेनऊशेंहून अधिक माणसे त्या दिवशी पडली. बरोज यांच्या फौजेतील ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्रीने लढली. मुंबई लष्कराच्या दोन पलटणींच्या, पहिल्या ग्रेनेडियर्सच्या व ३० व्या जेकब्ज रायफल्सच्या, हाती मात्र स्नायडरच होती. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांहून एक पिढी जुने शस्त्र द्यावयाचे, हे धोरण येथे रणांगणावर शेजारी शेजारी उभे राहिलेले दिसते. पराभवानंतर ठपक्याचा मोठा वाटा हिंदी पलटणी मोडल्या यावर ठेवण्यात आला. हे वाचताना आपल्याकडील वाचकाला सहजच वाटेल की, जुनी बंदूक व सदोष काडतूस हेच पराभवाचे कारण होय. तसे म्हणावयास आधार पुरत नाही. अयुबखानाच्या सुमारे तीस तोफांसमोर बारा तोफा, पाण्याचा तुटवडा, दुपारचे ऊन आणि उघड्या माळावरील रांग ही कारणे काडतुसापर्यंत जाण्यापूर्वीच पुरेशी आहेत. शस्त्रांतील भेद हा अन्यायाचा पुरावा आहे. पराभवाच्या कारणाचा पुरावा तो आपोआप होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे ठपका शिपायावरून काढून काडतुसावर ठेवल्याचे समाधान मिळते, एवढेच.

रणांगणावरील काडतुसे प्रत्यक्ष वेचून असा प्रश्न सोडविता येतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे कस्टर याची तुकडी नष्ट झाली. स्प्रिंगफील्ड कार्बाइनची तांब्याची मऊ काडतुसे चेंबरमध्ये अडकली म्हणून ती नष्ट झाली, असे पुढे शंभर वर्षे सांगितले गेले. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळाले आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी सर्वेक्षण करून पडलेली काडतुसे स्थळानुसार नोंदविली. अडकलेले काडतूस चाकूच्या टोकाने उचकटून काढले तर कडेवर ओरखडे उठतात. असे ओरखडे असलेली काडतुसे निघाली, परंतु फार थोडी. अडकण्याची तक्रार खरी होती; तिच्यावर उभारलेला निष्कर्ष खोटा होता. शिवाय टोपीवर फायरिंग पिनने उमटविलेल्या खुणेवरून एकेक बंदूक ओळखून ती माळावर कोठून कोठे गेली, हेही त्यांनी मांडले. मैवंदच्या माळाचे असे सर्वेक्षण झाले, तर आज जेथे केवळ मत आहे तेथे पुरावा येईल.

आता ओढीव पितळेकडे वळू. पितळेची चकती साच्यांतून टप्प्याटप्प्याने दाबून व ओढून तिचे लांब पेले करतात. प्रत्येक ओढीगणिक धातू कडक होतो, म्हणून मधून मधून त्याला तापवून मऊ करावे लागते. शास्त्रीय परिभाषेत यालाच अनुशीतन म्हणतात. यात नवे काही नाही. आपल्याकडील तांबट घागर ठोकताना पत्रा कडक झाला की तो पुन्हा भट्टीत घालतो, आणि न घातल्यास काठ चिरतो हे त्याला ठाऊक असते. पण काडतूस अगदी मऊ करून चालत नाही. शेवटच्या ओढीचा कडकपणा त्यात राखावा लागतो, आणि त्या कडकपणाबरोबर एक अदृश्य ताणही राहून जातो. बाहेरचे थर ताणलेले व आतले दाबलेले, अशा अवस्थेत ते काडतूस पेटीत जाते. दिसावयास ते निर्दोष असते; मापही बरोबर भरते.

या ताणाचा आणि तबेल्याचा संबंध निर्णायकपणे जोडला तो वुलिच येथील संशोधन विभागातील मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी, १९२१ साली. जनावरांच्या मूत्रातून व कुजणाऱ्या शेणातून अमोनिया वायू सुटतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा नाकाला झोंबणारा जो दर्प येतो, त्याच कुळातला हा. दमट हवेत पितळेवर बसलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थरात तो विरघळतो आणि तांब्याशी संयोग पावून धातूच्या कणाकणांमधील सीमा पोखरतो. अंतर्गत ताण नसेल तर एवढ्याने काळपट डागापलीकडे फारसे होत नाही. ताण असेल तर पोखरलेली सीमा उघडते आणि भेग आत आत जाते. ताण, अमोनिया व ओल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ऋतुभेग पडते; तीनपैकी एक काढा, भेग थांबते. उपाय म्हणून त्यांनी पाऊस थांबविला नाही हे उघडच आहे, पण तबेलाही हलविला नाही. घडून तयार झालेले काडतूस सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत काही वेळ तापविले, तर कडकपणा जवळपास कायम राहून ताण तेवढा निघून जातो, हे त्यांनी दाखविले. काडतूस मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून पाहिले असता ताण शिल्लक असलेले काडतूस थोड्याच वेळात तडकते. हीच पुढे कारखान्यातील नेहमीची कसोटी झाली. सारांश, ज्या विकाराचे नाव हिंदुस्थानच्या ऋतूवर पडले त्याचा इलाज कारखान्याच्या भट्टीत निघाला. नाव बदलले नाही. आजही धातुशास्त्राचा विद्यार्थी ते तसेच पाठ करतो.

भेग पाहून कारण ओळखावयाचे झाल्यास पहिला प्रश्न असा की, ती बार उडण्यापूर्वीची की नंतरची? न उडालेल्या काडतुसावर भेग असेल तर चेंबरवर आरोप ठेवताच येत नाही. उडालेल्या काडतुसात भेगेच्या कडा पाहाव्या. कडा आतपर्यंत काळवंडलेल्या असतील तर भेग जुनी आणि बाराने केवळ रुंदावलेली. तुटलेला धातू स्वच्छ व उजळ असेल आणि बाहेरील बाजूस वायूच्या काजळीचा फराटा असेल तर ती बाराच्या वेळची. अर्थात वर्षानुवर्षे जमिनीत पडलेल्या नमुन्यात हा भेद पुसट होतो, आणि तेथे सूक्ष्मदर्शकाखाली भेग कणांच्या सीमेवरून गेली आहे की कणांना फाडून गेली आहे हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा प्रश्न दिशेचा. मानेवरील उभी भेग बहुधा पितळेचा दोष सांगते. मान शेवटी तापवून मऊ केलेली नसेल, किंवा एकच काडतूस पुनःपुन्हा भरून वापरलेले असेल. लष्करी काडतुसांच्या मानेवर शेवटच्या तापवण्याची निळसर झाक पुष्कळदा राहू दिलेली असते. ती असूनही मान तडकली असेल तर साठवणीकडे पाहावे. अंगावरील उभी फाट कडक पितळ किंवा वाजवीपेक्षा मोठे चेंबर दर्शविते. बुडाच्या जरा वरून गोल फिरणारी आडवी भेग ही मात्र सर्वस्वी वेगळी. तिचा संबंध ज्याला हेडस्पेस म्हणतात त्या अंतराशी, म्हणजे मागून टेकू देणाऱ्या बोल्टच्या तोंडापासून काडतूस पुढे जेथे अडते तेथपर्यंतच्या जागेशी आहे. ही जागा इंचाच्या काही हजारांश भागांनी जास्त झाली की काडतुसाची पुढची भिंत चेंबरला चिकटून राहते, बूड मागे सरकते आणि मधला धातू ताणून पातळ होतो. प्रथम बाहेरून एक उजळ कडे दिसू लागते; आतून वाकविलेल्या तारेचे टोक फिरविले तर तेथे खाच लागते. पुढे केव्हातरी काडतूस दोन तुकडे होऊन बूड तेवढे बाहेर येते. लीएनफील्डच्या चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात बोल्टचे सुटे डोके वेगवेगळ्या लांबीचे ठेवले होते, ते याच कारणासाठी: झिजलेल्या बंदुकीत लांब डोके बसवावे म्हणजे अंतर भरून निघे. काडतुसाच्या बुडातून टोपी मागे डोकावत असेल आणि तरीही ती चपटी झालेली नसेल, तर हेडस्पेसविषयीचा संशय दृढ होतो. उलट टोपी चेपून बुडाशी सपाट झालेली व तिच्या कडा पसरलेल्या असतील, तर दाब अतिरिक्त होता असे समजावे. मात्र एकट्या टोपीच्या साक्षीवर निकाल देऊ नये. तिचा धातू मऊ असला तरी ती तशीच दिसते.

चेंबरचे दोष पितळेवर उलटे उमटतात. चेंबरला गंजाचे खड्डे असतील तर काडतुसावर बारीक उंचवटे येतात. चेंबरमध्ये उंचवटा असेल तर काडतुसावर खळगा. गंजाचे मूळही पुष्कळदा टोपीतच असते. जुन्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, जे मिठाप्रमाणे हवेतील ओल खेचते. तेल लावून हे क्षार जात नाहीत, ते पाण्याने धुवावे लागतात. नळीत उकळते पाणी ओतण्याची सैन्यातील सक्ती त्यासाठी होती. टोपीतील दुसरे द्रव्य पाऱ्याचे फल्मिनेट. काळ्या दारूच्या दाट काजळीत पारा बराचसा शोषला जाई, म्हणून पितळ वाचे. धूररहित दारू आल्यावर ते संरक्षण गेले आणि एकदा उडालेले काडतूस पाऱ्याने ठिसूळ होऊ लागले. म्हणजे टोपी तीच, पितळ तेच, केवळ दारू बदलली आणि जुना दोष उघडा पडला. दोषाचे कारण नेहमी नव्या घटकातच शोधणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पितळ दोषी की चेंबर, हा वाद सर्वांत तीव्रतेने झाला तो कॅनडाच्या रॉस रायफलीवरून. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत कॅनडाच्या सैनिकांना जलद गोळीबारात रॉसचा बोल्ट लाथांनी उघडावा लागला. तिचे चेंबर नेमबाजीच्या अचूकतेसाठी तंग कापलेले होते. कॅनडात बनलेली काटेकोर मापाची काडतुसे त्यात चालत; ब्रिटनमध्ये घाईने बनलेली, किंचित जाड काडतुसे रुतत. एका पक्षाने काडतुसांना दोष दिला, दुसऱ्याने बंदुकीला. परंतु तीच ब्रिटिश काडतुसे लीएनफील्डच्या सैल चेंबरमधून सुखाने बाहेर येत होती. जोडीतील एक बाजू कायम ठेवून दुसरी बदलणे ही परीक्षा खंदकातील सैनिकांनी स्वतःच केली. मेलेल्या सोबत्याची लीएनफील्ड उचलून त्यांनी रॉस टाकून दिली. पुढे रॉसची चेंबरे मोठी करण्यात आली, आणि १९१६ पर्यंत ती आघाडीवरून गेली. तिच्या बोल्टच्या मागील खिटीलाच इजा होत असे हा तिसरा दोष या गोंधळात उशिराने लक्षात आला. एक पुरेसे कारण सापडले की दुसऱ्याचा शोध थांबतो, तसे येथेही झाले.

लष्कराबाहेर मोठ्या व्यासाच्या रायफली होत्या त्या संस्थानिकांच्या व गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिकारखान्यांत. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर सामान्य रयतेचा त्यांच्याशी संबंध हाकाऱ्याच्या भूमिकेतूनच येई. १९०७ मध्ये सरकारने .४५० व्यासाच्या शिकारी काडतुसांच्या आयातीस हिंदुस्थानात बंदी केली. बंडखोरांच्या हातातील जुन्या मार्टिनींना दारूगोळा मिळू नये हा हेतू. त्यामुळे .४७०, .४६५ अशा नवनव्या मापांची इंग्रज कारखानदारांत अहमहमिका लागली. या दुनळी रायफलींत बोल्टप्रमाणे काडतूस पिळून सोडविण्याची सोय नसते. ते अडकले तर दुसरे भरता येत नाही, आणि समोर वाघ अथवा गवा असतो. म्हणून त्यांचे काडतूस मुद्दाम मोठे व दाब कमी, चौरस इंचास सुमारे १४ ते १७ टन, ठेवीत. कॉर्डाइट ही दारू उन्हाने तापली की दाब चढतो. यासाठी उष्ण मुलखांकरिता ती किंचित कमी भरलेली काडतुसे वेगळी विकली जात. येथे मात्र हवेचा दोष खरोखरच हवेचा होता, आणि कारखानदारांनी तो आधीच हिशेबात धरला होता. कातडी पट्ट्यात महिनोन्महिने खोवून ठेवलेल्या काडतुसांवर चढणारा हिरवा कळंक ही आणखी एक वेगळी बाब. तो कातडे कमावण्याच्या द्रव्यांमुळे येतो. तो पुसला की खाली बहुधा धातू शाबूत असतो, आणि त्याला ऋतुभेग समजणे चूक आहे.

कट्ट्यासारख्या गावांतील सैनिकी परंपरेच्या घरांत किंवा शेतात असे रिकामे काडतूस आढळल्यास अभ्यासकाने प्रथम एक गोष्ट टाळावी, ती म्हणजे घासणे. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच, आमसूल किंवा राख घेऊन ते लख्ख करण्याची सवय आहे. या आंबट द्रव्यांनी काजळीचे फराटे, मानेवरील निळसर झाक आणि भेगेच्या कडांवरील जुने डाग, म्हणजे नेमका पुरावाच धुऊन जातो. जांभ्याच्या आम्ल मातीत पडून राहिलेल्या पितळेतून जस्त निघून जाऊन तांबूस, सच्छिद्र डाग राहतात. अशा जागी पडलेले भोक बंदुकीने पाडलेले नव्हे. बुडावरील अक्षरे कोरड्या मऊ कुंचल्याने साफ करून तिरप्या उजेडात वाचावी. ‘के’ व ‘एफ’ ही अक्षरे १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. सोबतचे आकडे बहुधा सालाचे असतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या काळातील .३०३ काडतूस आणि एक पिढी आधीचे मार्टिनीचे काडतूस यांत कडेचा व्यास मोजताच फरक कळतो. तोंडाचा, मानेखालचा व बुडाजवळचा असे आणखी तीन व्यास आणि एकूण लांबी घ्यावी, भेगेची जागा बुडापासून मिलिमीटरमध्ये मोजावी, आणि ती उभी की आडवी हे चित्रात दाखवावे. त्याच घरात किंवा संग्रहालयात निकामी केलेली जुनी बंदूक असेल, तर तिच्या चेंबरचा वितळलेल्या गंधकाचा ठसा घेऊन काडतुसाशी ताडून पाहता येतो. ही जुनी पद्धत अजूनही विश्वसनीय आहे. गोळी जागेवर असलेले, न उडालेले काडतूस मात्र कोणत्याही कारणास्तव हाताळू नये. १९५९ च्या शस्त्रअधिनियमाप्रमाणे ते परवान्यावाचून बाळगता येत नाही, आणि कणाकणांत पोखरलेल्या पितळेच्या आत जुनी टोपी कोणत्या अवस्थेत आहे हे बाहेरून सांगता येत नाही. त्याची जागा नोंदवून पोलिसांना कळवावे. भेगेचे छायाचित्र त्यांच्या उपस्थितीत घेता येईल.